निवृत्तीरावांचा मोहोरबंद कागद

निवृत्तीराव गेले त्याला आता सव्वा वर्ष होईल, पण माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरीण होते, चुकलेल्याला तोंडावर चुकलं म्हणायची माझी सवय आहे, आणि हा माणूस चुकला. तो आता समोर नाही म्हणून इथं लिहून ठेवते.

आम्ही दोघं निजामाच्या ह्या जुन्या राजधानीत, हिमायतनगरच्या एका गल्लीत एकाच घरात भाड्यानं राहत होतो. मी खाली, ते वर. घरमालक रेड्डी मागच्या भागात. मी विधवा, मूलबाळ नाही. वर निवृत्तीराव, त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी आणि मुलगा अनिरुद्ध. बावीस वर्षांचा शेजार. अनिरुद्धला मी अ आ इ ई शिकवायला बसवला होता, पण त्याला इंग्रजी शाळेत घातलं आणि तो माझ्या हातून सुटला. तो मराठी बोलतो, वाचायला दिलं तर एकेक अक्षर चाचपडत बसतो.

निवृत्तीराव मूळचे उदगीरकडचे, शेतकऱ्याचं पोर, निजामाच्या वेळचे. शाळा उर्दूत झाली आणि विसाव्या वर्षी इथल्या रजिस्ट्री ऑफिसात चिकटले, ते अडतीस वर्षं. लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. निजाम गेला, राज्यं बदलली, ऑफिसची भाषा बदलली, पण ह्यांच्या मनात एक पक्कं बसलं होतं. साध्या गोष्टी मराठीत बोलायच्या आणि वजनाची गोष्ट उर्दूत लिहायची. किराण्याची यादी मराठीत, जमिनीचा कागद उर्दूत. त्यांचं उर्दू अक्षरही जुन्या कचेरीचं, घसरत पळणारं, त्याला शिकस्ता म्हणतात. ते एकदा हसत म्हणाले होते, "इंदुताई, माझ्या हाताचं वाचणारा ह्या शहरात एकच उरलाय. कोठी बाजारातला खाजामियां." मी म्हटलं, "मग त्या बिचाऱ्याला जपा."

आणि ठरवून ठेवायचा तर नाद! डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं की लाल पेन्सिल घेऊन बसायचे. गॅसचा नंबर कधी लावायचा, डोळे कधी तपासायचे, गाद्या कधी पिंजून घ्यायच्या, सगळं वर्षभराचं. औरंगाबादला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं तर साठ दिवस आधी पहाटे उठून काचीगुडा स्टेशनच्या रांगेत हजर. मुलीचं लग्न मोडलं, पण ह्यांचं रिझर्व्हेशन पक्कं होतं! मी चिडवायची, "निवृत्तीराव, शिंक कधी यायची तेही लिहून ठेवा." ते म्हणायचे, "हौ, लिहितो. तुमची पण लिहू का?"

पंच्याण्णव साली कुसुमवहिनींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हा शहरात ती काचेची मोठाली हॉस्पिटलं नुकतीच उभी राहत होती. वहिनींना तिथं नेलं, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. एकोणीस दिवस. रोज सकाळी डॉक्टर अदबीनं विचारायचे, पुढं चालू ठेवायचं ना? आणि निवृत्तीराव मान हलवायचे. विसाव्या दिवशी वहिनी गेल्या. हॉस्पिटलचं काही चुकलं नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पण वहिनींचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून. हातात काकणं नव्हती, काढून एका पिशवीत घालून ह्यांच्याकडे दिली होती. ती पिशवी धरून हा माणूस एकोणीस दिवस व्हरांड्यात बसला होता.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता ते खाली आले. माझ्याकडे चहा टाकलेलाच होता. कप हातात धरून म्हणाले, "इंदुताई, तिला काय पाहिजे होतं, मला ठाऊकच नव्हतं. एकेचाळीस वर्षं संसार केला अन् विचारलंच नाही." मी साखर जास्त झाली का, एवढं विचारलं.

त्या दिवसापासून रोज चारला चहा. पाच वर्षं. पाऊस असो, कर्फ्यू असो, जिन्यावर चपलांचा आवाज आला की समजावं चार वाजले. काय बोलायचो? काहीच नाही हो. रेड्डींची म्हैस, माझा गुडघा, पेपरातल्या बातम्या. जिथं तिथं कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, गल्लीतली पोरं एकेक करून परदेशी उडत होती, त्यांची नावं आम्ही मोजायचो. एकमेकांच्या मनातलं मात्र कधी विचारलं नाही. तशी आमची वयंही नव्हती आणि आमच्या लोकांत ती रीतही नाही. विधवा बाई आणि विधुर पुरुष, दार सताड उघडं ठेवून चहा पितात हेच पुष्कळ होतं.

सत्त्याण्णव साली अनिरुद्धचं नाव त्या मोजणीत आलं. न्यू जर्सीला नोकरी लागली. निघायच्या आठ दिवस आधी बापानं त्याला समोर बसवून सांगितलं, "मी तिकडं येणार नाही. कधी विचारू नकोस." पोरानं विचारलंसुद्धा नव्हतं! त्यानं आपलं "बरं" म्हटलं आणि खरंच पुढं कधी विचारलं नाही. ते मला हे अभिमानानं सांगत होते, आधीच ठरवून टाकलं म्हणून. मी म्हटलं, "अहो, त्याला एकदा विचारू तर द्यायचं. नाही म्हणायला तोंड काय पळून जात होतं?" त्यावर ते कप उपडा ठेवून वर गेले.

त्याच महिन्यात ते एक लिफाफा घेऊन आले. जाड खाकी, दोऱ्यानं बांधलेला, गाठीवर लाखेची लाल मोहोर. रजिस्ट्री ऑफिसात लोक मृत्युपत्र असं बंद करून ठेवून जात आणि माणूस गेल्यावरच मोहोर फुटे, तीच तऱ्हा. म्हणाले, "मला काही झालं तर हे अनिरुद्धच्या हातात द्यायचं."

"काय आहे आत?"

"दस्तावेज."

"कसला?"

"मोहोर फुटेपर्यंत विचारायचं नसतं, इंदुताई. तसा कायदाच आहे."

कुठला मेला कायदा! माझ्या स्वयंपाकघरात कसला आलाय कायदा? पण मीही ताठ. नाही सांगायचं तर नका सांगू, असं म्हणून मी तो लिफाफा कपाटात लुगड्यांच्या घडीखाली सरकवला आणि तीन वर्षं त्याचं नाव काढलं नाही. उदगीरकडची जमीन असेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सोमवारी चार वाजले आणि जिन्यावर आवाज आला नाही. सव्वाचारपर्यंत मी वाट पाहिली, मग गुडघा धरत वर गेले. ते मोरीच्या दाराशी पडले होते. डोळे उघडे, तोंड वाकडं, घशात घरघर. मी किंचाळले. रेड्डी धावत आले, अॅम्ब्युलन्स आली आणि ज्या काचेच्या हॉस्पिटलात वहिनी गेल्या त्याच हॉस्पिटलात ह्यांना नेलं. मेंदूत रक्तस्राव. वहिनींचंच दुखणं. रेड्डींनी न्यू जर्सीला फोन लावला आणि अनिरुद्ध फोनवरच रडत डॉक्टरांना म्हणाला, जे जे करता येईल ते सगळं करा. दुसरं काय म्हणणार पोरगं? इतक्या लांबून दुसरं काही म्हणताच येत नाही. संध्याकाळच्या आत ते मशीनवर होते.

चौथ्या दिवशी अनिरुद्ध पोचला. मी आयसीयूच्या बाहेर त्याच्या हातात लिफाफा दिला. त्यानं मोहोर फोडली, चार पानं उलटसुलट केली.

"आंटी, हे तर उर्दू आहे."

"असणारच. वजनाचा कागद आहे ना."

"लँडचं असेल. नंतर बघू." त्यानं तो घडी करून बॅगेत टाकला. मीही मान हलवली. हे ध्यानात ठेवा, मीही मान हलवली.

मग दिवस सुरू झाले. मी रोज सकाळी डबा घेऊन जायची. दारावरचा वॉचमन विचारायचा, "अम्मा, पेशंटके क्या लगते आप?" मी म्हणायची, "पडोसी." "सिरफ घरवाले, अम्मा." आणि मी बाहेरच्या बाकावर. बावीस वर्षांचा शेजार आणि पाच वर्षांचा चहा, त्याला त्या दारावर काही किंमत नव्हती. अनिरुद्धनं दोनदा आत नेलं मला. निवृत्तीरावांच्या तोंडात नळी, आणि दोन्ही हात पट्टीनं बांधलेले. तेच हात, तीच पट्टी. मला एकदम वहिनींच्या काकणांची पिशवी आठवली आणि मी बाहेर आले.

त्या दिवशी मी अनिरुद्धला म्हटलं, "बाबांना हे आवडलं नसतं रे."

तो म्हणाला, "आंटी, डॉक्टर चान्स आहे म्हणाले होते. मी कसं नाही म्हणू?"

आणि मी गप्प बसले. मी! जिच्या तोंडाच्या पट्ट्याला इन्स्पेक्टर भ्यायचे, ती मी पदर सावरून बाकावर जाऊन बसले. मनात एकच, मी कोण? मुलगा आहे, डॉक्टर आहेत, मी कोण सांगणारी?

अकराव्या दिवशी अनिरुद्ध बॅगेत पासपोर्ट शोधत होता तेव्हा तो कागद बाकावर पडला. तिथं एक तरुण डॉक्टर उभे होते, मुसलमान, भला मुलगा. अनिरुद्धनं सहज विचारलं, तुम्हाला वाचता येईल का? त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, हसले. म्हणाले, हे आमच्या आजोबांच्या वेळचं अक्षर, मी इंग्रजी शाळेतला, मला छापील जमतं फक्त. मग बोट ठेवत म्हणाले, "लेकिन ये नाम बार बार आ रहा है. इंदुताई. ये कौन हैं?"

 जमिनीच्या कागदात माझं नाव कशाला? मी अनिरुद्धच्या हातातून ती पानं घेतली, म्हटलं, "मी हे वाचून आणते." आणि रिक्षा केली ती थेट कोठीला.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागे खाजामियां राहतात. पूर्वी कोर्टाच्या दाराशी बसून लोकांचे अर्ज लिहायचे. आता ऐंशी पार, एका डोळ्यात मोतीबिंदू. निवृत्तीरावांचं नाव ऐकून त्यांनी मला खाटेवर बसवलं, नातीकडून भिंग मागवलं आणि कागद उन्हाकडे धरला. एक ओळ उर्दूत वाचायचे आणि मग दख्खनीत मला समजावायचे. मी ते माझ्या मराठीत सांगते.

'मी निवृत्ती, राहणार हिमायतनगर, शुद्धीवर असताना, कुणाच्या दबावाखाली न येता लिहून देतो. मला बरं होण्याची आशा नसेल तर मशीनवर ठेवू नये. ठेवलं असेल तर काढावं आणि मला घरी आणावं, वरच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी. माझ्या बायकोचे हात एकोणीस दिवस बांधलेले होते. रोज मी हो म्हणालो, कारण तिला काय हवं ते मी विचारलं नव्हतं. माझ्या मुलावर ही पाळी येऊ नये. तो लांब आहे, लांबच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणून हा निर्णय मी इंदुताईंवर सोपवतो. त्या सांगतील तेव्हा, त्या सांगतील तसं. त्यांचा शब्द तो माझा शब्द. मुलानं आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी वाद घालू नये, त्या ऐकणार नाहीत.'

इथं खाजामियांनी चष्मा पुसला. मग शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

'इंदुताईंना मी हे विचारलेलं नाही. विचारायला रोज चार वाजता गेलो. धीर झाला नाही.'

मी तिथंच रडले. परक्या घरात, परक्या खाटेवर, मोठ्यानं रडले. खाजामियांच्या नातीनं पाणी आणून दिलं. रडू थांबलं तसा राग आला. अरे माणसा! पाच वर्षं माझ्यासमोर बसून म्हशीच्या गप्पा मारल्यास. एक वाक्य होतं. इंदुताई, माझं तुमच्या हाती. एवढं म्हणाला असतास तर मी पहिल्याच दिवशी त्या दारात उभी राहिले असते, कोणाच्या बापाला ऐकलं नसतं. तू ठरवलंस सगळं, लिहिलंस सगळं, मोहोरसुद्धा लावलीस. आणि ज्या बाईवर सोपवलंस तिला तेवढं कळू दिलं नाहीस. अकरा दिवस झाले होते, आणि ते अकराही दिवस मी बाकावर 'मी कोण' म्हणत बसले होते.

खाजामियांनी सगळं नातीकडून इंग्रजीत सुवाच्य लिहवून घेतलं आणि खाली सही केली. मी हॉस्पिटलात आले. वॉचमन उभा राहिला, "अम्मा, पेशंटके..." मी म्हटलं, "नाव लिहिलंय माझं." काय समजला कोण जाणे, बाजूला झाला.

अनिरुद्धनं कागद वाचला. आधी भडकला. "आंटी, म्हणजे मी स्वतःच्या हातानं बाबांना..." पुढचा शब्द त्याच्यानं बोलवेना. मग भिंतीला टेकून खाली बसला. "मला का नाही लिहिलं त्यांनी? माझ्यावर विश्वास नव्हता?"

मी त्याच्याजवळ बसले. गुडघ्याचं होईल ते होवो. म्हटलं, "विश्वास होता रे. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून तुला वगळलं. आता तू काही ठरवायचं नाहीस. मी सांगते, तू ऐक. बाबांना घरी न्यायचं." हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज एवढासुद्धा हलला नाही. आतून मात्र मी पार हलले होते. मी सांगणार आणि एक माणूस जाणार, हे काय सोपं असतं? अजूनही कधी दुपारी वाटतं, आणखी दोन दिवस थांबले असते तर? मग ते बांधलेले हात आठवतात.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आशा आता तशी नाहीच. तुमच्या सहीवर, तुमच्या जबाबदारीवर नेऊ शकता. सही अनिरुद्धची चालली असती, पण मी म्हटलं मीही करते. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना. तो रकाना मी तसाच सोडला.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांना वरच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवलं. नळी काढलेली, हात सोडलेले. मनगटावर पट्टीचे वळ होते, त्यांवर मी खोबरेल लावलं. बावीस वर्षांत त्या हाताला मी कधी हात लावला नव्हता. मी बोलत होते, काय वाटेल ते, रेड्डींची म्हैस व्यायली, तुमचा गॅसचा नंबर आज लावायचा होता, कॅलेंडरवर आहे. डोळे मिटलेलेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास लांब लांब होत थांबला. अनिरुद्ध उशाशी होता. मी खाली चहा टाकायला गेले होते. दोन कप काढले होते.

बासरला गोदावरीत अस्थी सोडून अनिरुद्ध परत गेला. जाताना पाया पडला, मला मिठी मारली, "आंटी, तुम्ही नसता तर," म्हणाला. महिन्याला फोन करतो. पाच मिनिटं. मी पाच मिनिटं बरी असते. वरच्या खोलीला कुलूप आहे. रेड्डी घर बिल्डरला देणार म्हणतात, अपार्टमेंट होणार, मग मी कुठं जाईन ते अजून ठरलेलं नाही.

मीही माझा कागद लिहिलाय. मराठीत, मोठ्या अक्षरात, मोहोर बिहोर काही नाही. मशीन नको, हात बांधायचे नाहीत, सगळं स्पष्ट. सिकंदराबादला माझी भाची योगिनी आहे, तिला दाखवला. ती म्हणाली, "मावशी, असलं कायको लिहिता हो, छान जगा ना." आणि विषय बदलला. चांगली पोर आहे, पण तिच्यानं होणार नाही. शाळेतल्या बायका कोणी पुण्याला मुलाकडे, कोणी देवाघरी. कामाला येणारी भाग्यलक्ष्मी 'अय्यो अम्मा' म्हणून कानांवर हात ठेवते.

कागदात शेवटी एक ओळ आहे, 'माझा निर्णय मी अमुक यांच्यावर सोपवते.' त्या अमुकच्या जागी सव्वा वर्ष कोरी रेघ आहे. रोज चारला चहा झाला की कागद काढते, पेन उघडते. ज्याचं नाव डोळे मिटून लिहिलं असतं, ज्याला आधी समोर बसवून तोंडावर सांगितलं असतं, तो वरच्या मजल्यावर राहत होता.